काकांना म्हातारं करताना

"तुझ्या काकाला जरा म्हातारा करून दे," असं काकी म्हणाली तेव्हा मी तिच्या सोप्यात बसून चहात बेकरीचं बटर बुडवत होतो. बटर हातातून सुटून कपात पडलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे म्हातारा. माझ्याएवढा. तुला येतंय की आता तोंडावर रेघा मारायला," ती म्हणाली आणि बटर काढायला चमचा आणायला आत गेली.

काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. काका सैन्यात होते. चाळीसएक वर्षांपूर्वी, माझा जन्म व्हायच्या आधीच, वर सीमेवरच्या बर्फात वारले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि काकी वीसची. मूलबाळ नव्हतं. माहेरचे दोनदा न्यायला आले, ती गेली नाही. कोरेगावजवळच्या आमच्या गावात, आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती राहते. तिच्या भिंतीवर काकांचा एकच फोटो आहे, कारण त्यांचा दुसरा फोटोच नाही.

झालं होतं असं, की शेजारची नवी सून लग्नाचे लाडू द्यायला काकीकडं आली होती. भिंतीकडं बघून तिनं विचारलं, "ह्यो तुमचा ल्योक व्हय? मिल्ट्रीत हाय का?" काकीच्या तोंडाला लागणं आमच्या गावात भलेभले टाळतात, पण या पोरीपुढं तिला शब्द सुचला नाही.

"मी काय बोलणार? लाडू घेऊन आत गेले," काकी मला म्हणाली. "त्या पोरीचं तरी काय चुकलं? पोरगाच दिसतोय त्यो माझा. आन् उद्या मी मेले की तुमी माझा फोटू त्याच्या शेजारी लावणार. लावणार न्हवं?"

"अगं काकी, काहीतरीच काय."

"लावणार. समद्यांचं लावत्यात. मग येणारं-जाणारं म्हणंल, आय-लेकरू हाय. मेल्यावर तरी नवऱ्याशेजारी बायको म्हणून बसू द्या की मला."

आमच्याकडं गेलेल्यांचे फोटो जोडीनंच लागतात. आजा-आजी, त्यांच्या पलीकडं चुलत आजा-आजी, सगळे एका उंचीवर. चोवीस वर्षांचा नवरा आणि सत्तर-ऐंशीची बायको अशी जोडी लावायची वेळ अजून कुणावर आली नव्हती. मी यावर कधी विचारच केला नव्हता. आता केला तर मला आधी हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली. काकी मात्र गंभीर होती. तिनं चमच्यानं बटर काढून माझ्या बशीत ठेवलं आणि विषय तिच्यापुरता मिटला.

मी सांगलीत एका छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे बोर्ड. तिथं चेहऱ्यावर रेघ कुणालाच नको असते. साठी उलटलेल्या माणसाचं तोंडही आम्ही उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत करून देतो. दहा-बारा वर्षं हेच करून मला त्याचा वीट आला, म्हणून गेल्या वर्षी एक टॅब आणि त्याचं पेन घेतलं आणि रविवारी सकाळी पोर्ट्रेटच्या ऑनलाइन क्लासला बसायला लागलो.

क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी रंग पसरवायची, धूसर करायची सगळी बटणं बंद करायला लावली. सावली पाहिजे तर रेघा मारा. आणखी गडद पाहिजे तर त्यांच्यावर तिरक्या रेघा मारा. याला हॅचिंग म्हणतात, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. मी दोन महिने नुसते चौकोन भरत होतो. काच निसरडी, पेन घसरायचं. तळहात टेकला की भलतीकडंच एक ठिपका उठायचा. एक रेघ चुकली की मी ती लगेच पुसायचो. मग सरांनी पुसण्यावरही बंदी घातली. "चुकलेली रेघ तशीच राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेघ मार," ते म्हणाले. त्या हिशोबानं मी काढलेल्या पहिल्या चेंडूभोवती इतक्या रेघा झाल्या की चेंडू पाहिजे तर शोधावा लागला असता.

नवशिक्याला म्हातारी तोंडं सोपी जातात, कारण तिथं एखादी रेघ जास्त झाली तरी खपून जाते. सांगलीच्या स्टँडवरच्या चहावाल्याचं तोंड मी काढलं होतं आणि हौसेनं काकीला दाखवलं होतं. तिच्या डोक्यात कल्पना आली ती तिथून. एवढ्या सुरकुत्या एका माणसाला काढता येतात, तर दुसऱ्याला का नाही?

सगळ्यात आधी मी आळशीपणा करून पाहिला. फोनमध्ये माणूस म्हातारा करून देणारं एक ॲप आहे, त्यात काकांचा फोटो टाकला. त्यातून पांढऱ्या दाढीचा, निळ्या डोळ्यांचा एक माणूस बाहेर पडला. "ह्यो कुठला बाबा आणलायस?" काकी म्हणाली. मग हातानं काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

फोटो पासपोर्ट आकाराचा, काळापांढरा, कुठल्याशा कार्डावरून सोडवलेला. एका कोपऱ्यातून गोल शिक्क्याचा तुकडा हनुवटीवर आला होता आणि त्याखाली हनुवटी कशी आहे ते दिसत नव्हतं. बाकी चेहरा कोरा. मोठे डोळे, नुकतीच राखलेली मिशी, आणि कुणीतरी 'हलू नको' म्हटल्यावर होतो तसा ताठ चेहरा. टॅबवर मी तळाच्या थरात फोटोवरून त्यांचं तरुण तोंड उतरवलं आणि रेघांसाठी वर वेगळा थर घेतला, पाहिजे तेव्हा दाखवता-लपवता येणारा. मग पहिल्याच गालाशी येऊन अडलो. गालावरचा करडा रंग ही सावली होती की काकांचा वर्णच सावळा होता? रेघांच्या चित्रात हे आधी ठरवावं लागतं. वर्ण असेल तर सोडून द्यायचा, सावली असेल तर भरायची.

मी आबांना विचारलं. आबा म्हणजे माझे वडील, काकांचे थोरले भाऊ. त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलं.

"आबा, काका काळे होते का गोरे?"

आबांनी बराच विचार केला. "उन्हात काळा हुता, सावलीत गोरा."

"असं कसं?"

"तुझं काय येगळं हाय?"

काकीला विचारलं तर ती म्हणाली, "गोरापान." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आसंल. तू काढ तुला पायजे तसा." यातून मी काय समजायचं ते मला त्या दिवशी कळलं नाही. शेवटी अर्धी सावली भरली आणि अर्धी सोडली.

माझ्या रेघांवर पहिला आक्षेप आबांनीच घेतला. मी अंगणात बसून गालावर वरून खाली सरळ रेघा ओढत होतो. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"ह्ये काय नांगारलंयस?"

"सावली आहे ती."

"उताराला उभं नांगारतंय का कोण? समदी माती जाईल की व्हाळात. आडवं घ्यावं, उतार धरून."

मी वैतागून, त्यांना दाखवायचं म्हणून, गालाच्या उताराला आडव्या, किंचित वळणाऱ्या रेघा मारल्या. आणि गाल वर आला. खरंच आला. सर वर्षभर 'आकार धरून रेघ मार, आकार धरून' असं सांगत होते आणि मी मान डोलावत होतो, त्याचा अर्थ मला त्या अंगणात कळला. मला इतका आनंद झाला की मी लगेच विचारलं, "मग नाकाला उतार कुठला धरायचा?"

"नाक हाय ते. डोंगर न्हवं," आबा म्हणाले आणि वैरण टाकायला निघून गेले. नाकावर मी पुढचे आठ दिवस चाचपडत होतो.

रेघा कशा मारायच्या ते थोडंफार कळलं, पण कुठल्या मारायच्या ते कळेना. सुरकुती आपोआप पडत नाही. कुणी हसून हसून डोळ्यांपाशी पाडून घेतो, कुणी चिडून भुवयांमध्ये. काका हसरे होते का? आबा म्हणाले, "हसायचा. म्हंजे लय न्हाई." चिडके होते का? "चिडायचा बी. पर ती काय रोज न्हाई." चोवीस वर्षांच्या माणसाबद्दल कुणाकडं याहून जास्त काही नव्हतं. पुढची चाळीस वर्षं ते कशावर हसले असते, कुणावर चिडले असते, हे मी टॅबसमोर बसून कसं ठरवणार होतो? मला या कामाची भीती वाटायला लागली. रात्रपाळी नाही, साहेब नाही, तरी शनिवारची गाडी पकडून गावी यायला नको वाटायचं.

मग मी सोपा मार्ग काढला. भाऊ भावासारखाच म्हातारा होणार, असं धरलं आणि आबांना समोर बसवलं. तीन रविवार ते उन्हात पेपर घेऊन बसले. आबांच्या कपाळावर तीन ठळक आठ्या आहेत आणि त्या माझ्यामुळं पडल्या असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या तीनही आठ्या मी काकांच्या कपाळावर मारल्या. काकांनी मला पाहिलंही नव्हतं, त्यामुळं जरा विचित्र वाटलं. शिक्क्याखालची हनुवटीही आबांचीच घेतली. डोळ्यांखालच्या पिशव्या, मानेचे पट्टे, कानाजवळच्या बारीक रेघा, सगळं एकेक करत उतरवलं. हात आता बसला होता. आडव्या रेघांवर तिरकी रेघ कुठं थांबवायची ते पेनालाच कळायला लागलं होतं. सरांना चित्र पाठवलं तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, की हा माणूस खरा वाटतो. मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली.

रविवारी दुपारी टॅब घेऊन काकीकडं गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हात धुऊन आली, चष्मा लावला. मी टॅब तिच्यासमोर धरला.

तिचा हात मानेमागं गेला, खांद्यावरचा पदर तिनं डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि पाटावरच अंग चोरून थोडी बाजूला वळली.

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. चाळीस वर्षांनी नवरा समोर आला आणि बाई नव्या नवरीसारखी लाजली, असंच मला वाटलं. माझ्या हातानं हे घडलं याचा गर्व वाटला.

"बरोबर झालंय का?"

"झालंय की," ती पदराआडून म्हणाली. तिचा आवाज एकदम परका, अदबीचा होता. हा आवाज मी कुठं ऐकलाय ते मला आठवेना आणि मग आठवलं. आबा अंगणात आले की काकी हाच आवाज काढते. हाच पदर, हीच बाजूला वळलेली मान. थोरल्या दिरासमोर ती इतक्या वर्षांत एकदाही उघड्या डोक्यानं उभी राहिलेली नाही. सरळ बोलतही नाही. लहानपणी निरोप्या मीच असायचो, "भावजींना म्हणावं, भाकरी झाल्यात." आणि घरात दुसरं कुणी नसताना नवऱ्यापुढं कुठली बाई असा पदर ओढून घेईल?

मी टॅब स्वतःकडं फिरवला. आबा होते. तीन आठ्या, ती हनुवटी, ते डोळे. काकांना मी म्हातारं केलंच नव्हतं, आबांना फौजी वर्दी चढवली होती. गेले तीन महिने मी रेघ न् रेघ बघत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. तिच्या हाताला एका क्षणात दिसलं.

"काकी, हे आबा दिसतायत का गं?"

ती दचकली. आपण पदर घेतलाय हेही तिच्या ध्यानात नसावं. "तसं न्हाई," ती म्हणाली. "भावाभावात आसतंयच की थोडं."

"थोडं नाही. चुकलंच माझं. मी परत काढतो. पण तू मला सांग, ते कसे दिसायचे? बोलताना, हसताना? ओठ कसे व्हायचे?"

"मला काय ठावं?"

"अगं, नवरा होता तुझा!"

माझा आवाज चढला होता. मला तिचा रागच आला होता, खरं सांगतो. काकी मात्र शांत होती.

"दोन सुट्ट्यांचा नवरा, बाबा," ती म्हणाली. "पैली म्हैन्याची, दुसरी तेवढीबी न्हाई. घर माणसांनी भरल्यालं. दिवसा त्याच्याकडं मान वर करून बघायची सोय न्हवती आन् रातीला दिवा मालवल्याला. बघितलं कवा मी त्याला? जे काय बघितलंय ते ह्या फोटूतच."

इतके दिवस मी असं धरून चाललो होतो, की काकांचा खरा चेहरा काकीच्या मनात कुठंतरी जपून ठेवलेला आहे आणि माझं काम तिथपर्यंत पोचायचं. तर तिच्याकडंही तेवढाच एक पासपोर्ट आकाराचा कागद होता, जो माझ्याकडं होता. मग मी म्हातारं करत होतो ते कुणाला? शेंगांची टरफलं पायाशी पडली होती, ती मी उगाच गोळा करायला लागलो.

काकीनं तेवढ्यात टॅबवर हात फिरवला. दोन बोटं लागली असतील, चित्र भसकन मोठं झालं. डोळा पसरला, गाल पसरला, आणि काचेवर नुसत्या रेघाच रेघा उरल्या, एकमेकींवर पडलेल्या.

"आगं आय गं, ग्येला का?" ती ओरडली.

"नाही नाही, आहेत, आहेत," मी म्हणालो. घाईघाईत चित्र लहान करायला गेलो आणि बोट भलतीकडं लागून रेघांचा थरच बंद झाला. आठ्या, पिशव्या, मानेचे पट्टे, तीन महिन्यांचं सगळं काम एका झटक्यात नाहीसं झालं. तळाच्या थरातलं तरुण तोंड तेवढं उरलं. चोवीस वर्षांचं, ताठ, 'हलू नको' म्हटल्यासारखं.

मी थर परत लावला. आबा आले.

"न्हाई, मगाचा," काकी म्हणाली.

मी थर काढला. ती चष्मा नाकावर सारून वाकून बघत राहिली. कधीतरी तिचा हात परत मागं गेला आणि पदर डोक्यावरून खांद्यावर आला.

"आसाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"पण मग ते... शेजारची ती पोरगी म्हणाली ते? लोक आय-लेकरू म्हणतील त्याचं काय?"

"म्हणू देत की." ती अजून वाकूनच बघत होती. "ईस वर्साची हुते तवापास्नं संभाळत्ये त्याला. आयनं तरी दुसरं काय केलं आसतं?"

काकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि फोटोची काच पुसतात तशी टॅबची काच पुसायला घेतली. कोपऱ्यापासून, सावकाश, शेंगांची धूळ जाईपर्यंत. काचेखाली तो तिच्या बोटाबरोबर इकडून तिकडं सरकत होता, आणि मी काही तिला थांबवलं नाही.